मॉर्गन डॉलरच्या ‘व्हॅम’ ओळखताना या चुका टाळा

मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचा जुना चांदीचा डॉलर, हातात आला की पहिलं काम म्हणजे भिंग काढून ‘काहीतरी वेगळं’ शोधणं. वेगळं तर प्रत्येक नाण्यावर सापडतं. ही नाणी वर्षानुवर्षं पोत्यांत एकमेकांवर आपटलेली असतात. विचारायचा प्रश्न असा: जे दिसतंय ते डायवरच (नाण्यावर नक्षी उमटवणाऱ्या पोलादी ठशावरच) होतं, की नाणं पाडून झाल्यावर घडलं? डायवर असेल तर त्या डायने पुढे पाडलेल्या सगळ्या नाण्यांवर ते येणार, आणि तेव्हाच ती व्हरायटी. व्हॅन अ‍ॅलन आणि मॅलिस या अभ्यासकांच्या वर्गीकरणातला, त्यांच्याच आद्याक्षरांवरून नाव पडलेला व्हॅम क्रमांक मिळतो तो अशाच फरकांना.

डायला तडा गेला किंवा ओरखडा पडला की नाण्यावर रेघ उंच उठते. खोल गेलेली रेघ बहुतेक वेळा नंतरचा ओरखडाच असतो. नुसत्या नजरेला यात फसगत होते, म्हणून खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच दिवा बाजूने धरा आणि नाणं हळूहळू फिरवा. उंच रेघेची सावली दिव्याच्या पलीकडच्या अंगाला पडते, खोल रेघेची दिव्याकडच्या अंगाला. दहा पटीचं भिंग पुरेसं आहे. त्यापुढच्या सूक्ष्मदर्शकात धुळीचा कणसुद्धा शोध वाटू लागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ दुहेरी अक्षरांचा. विकणारे सर्रास ‘डबल डाय’ लिहितात आणि नाण्यावर असतं मशिनी डबलिंग: ठोका बसल्यावर सैल डाय किंचित सरकली आणि अक्षराची कड दाबली गेली. ही दुसरी छटा सपाट, पायरीसारखी बुटकी असते आणि अक्षराच्या मूळ रुंदीतूनच खाल्लेली असते. तिला जादा पैसे देऊ नका. खऱ्या डबल डायमध्ये डाय तयार होतानाच नक्षी दोनदा, जराशी हलून उमटलेली असते. त्यामुळे अक्षर रुंद होतं, दुसरा ठसाही गोलसर आणि उंच असतो, कोपऱ्यांत खाच दिसते. न्यू ऑर्लीन्सच्या टांकसाळीचा १८८८ चा ‘हॉट लिप्स’ बघा. पुढच्या बाजूवरच्या स्वातंत्र्यदेवीचे ओठ, नाक, हनुवटी दुहेरी, आणि तेही भिंगाशिवाय दिसणारं. हे नाणं सापडतं ते बहुतेक झिजलेल्या अवस्थेतच.

एकच बाजू बघून क्रमांक ठरवणं ही घाईतली चूक. व्हॅम म्हणजे दोन डायची जोडी. पुढची बाजू जुळली आणि मागची नाही, तर क्रमांक वेगळा. क्रमांकापुढचं अक्षर त्याच जोडीची पुढची अवस्था सांगतं. १८८८ न्यू ऑर्लीन्सचाच ‘स्कारफेस’ हा १-बी असतो तो देवीच्या चेहऱ्यावरून गेलेल्या मोठ्या तड्यामुळे.

१८७८ ची नाणी घेताना मागच्या बाजूवरच्या गरुडाच्या शेपटीची पिसं मोजा. आधी आठ होती, मग सात केली, आणि काही जुन्या डायवरच नवी नक्षी ठोकली. म्हणून सातांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात. नुसतं ‘सात’ मोजून थांबलात तर हे हातचं जाईल. पंजातल्या सगळ्यात वरच्या बाणाचं पीसही बघा. १८७८ च्या नक्षीत ते समांतर, १८७९ च्या नक्षीत तिरकं. नाण्यावरच्या सालावर मात्र विसंबू नका, कारण १८८० च्या कार्सन सिटीच्या काही नाण्यांवर १८७८ चीच नक्षी आहे.

टांकसाळीच्या खुणेपाशी (नाणं कुठे पाडलं ते सांगणारं अक्षर: कार्सन सिटीचं ‘सीसी’, न्यू ऑर्लीन्सचं ‘ओ’, सॅन फ्रान्सिस्कोचं ‘एस’) शिकारही चांगली आणि सापळेही तिथेच. कार्सन सिटीत नाणी पाडणं १८९३ मध्ये थांबलं. तिथल्या उरलेल्या डायवर न्यू ऑर्लीन्सचा ‘ओ’ ठोकला गेला, आणि १९०० च्या काही नाण्यांवर त्या ‘ओ’च्या आजूबाजूला ‘सीसी’चे अवशेष दिसतात. ही अस्सल. पण १८९६, १९०० आणि १९०२ चा बारीक ‘ओ’ दुर्मीळ व्हरायटी म्हणून कित्येक वर्षं महाग विकला जात होता, तो निघाला बनावट. तिन्ही सालांना मागची डाय एकच! नकली नाण्यात चांदी घालूनही परवडत होतं, कारण ती नाणी पाडली तेव्हा डॉलरमधली चांदी डॉलरच्या निम्म्या किमतीच्या आसपास होती. १८९९ चा बारीक ‘ओ’ मात्र खरा.

पाडलेल्या संख्येवरून दुर्मीळपणा ठरवू नका. अमेरिकेच्या १९१८ च्या पिटमन कायद्याने २७ कोटी डॉलर वितळवले गेले, कुठल्या सालाचे किती याची नोंद न ठेवता. त्यातल्या सुमारे २६ कोटींची चांदी भारतासाठी ब्रिटिशांना विकली, कारण इथे लोक नोटा परत करून चांदीचे रुपये मागत होते. मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले. उलटही घडतं: १९०३ चा न्यू ऑर्लीन्सचा डॉलर दुर्मीळ समजत होते, १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून पोती बाहेर आली आणि भाव कोसळला.

आपल्याकडे चांदी काळी पडली की चिंच, रांगोळी, दंतमंजन बाहेर येतं. नाण्याला यातलं काहीही लावायचं नाही. घासल्याने डायच्या बारीक रेषाच आधी जातात, मग ओळखणार कशावरून?

महागडं नाणं घेताना मात्र याच रेषा उपयोगी पडतात. सॅन फ्रान्सिस्कोचे १८९३ चे एक लाखच डॉलर निघाले, म्हणून दुसऱ्या टांकसाळीच्या नाण्यावर ‘एस’ चिकटवायचा धंदा जुना आहे. अस्सल नाण्याच्या पुढच्या बाजूला ‘लिबर्टी’तल्या ‘टी’च्या डोक्यावर तिरकी, उंच, बारीक रेघ असते. ‘एस’कडे बघण्याआधी ती शोधा.