बाळाच्या वाकळेची ऑर्डर घेताय? या चुका टाळा

ऑर्डर येते ती बहुतेक फोनवरच, “ओ ताई, भाचीला बाळ झालंय, एक छान वाकळ करून द्या की, बारशाला पाहिजे”, आणि आपण “हो देते की” म्हणून मोकळ्या होतो. स्वतःच्या नातवंडाला वाकळ, म्हणजे गोधडी, शिवणं वेगळं, तिथं कोपरा वाकडा झाला तरी कोण बोलत नाही. ऑर्डरच्या वाकळेत मात्र निम्म्या भानगडी सुईत दोरा ओवायच्या आधीच, त्या फोनवरच झालेल्या असतात.

बारशाची तारीख, रंग आणि नाव

बारसं साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी. म्हणजे बाळ झाल्यावर ऑर्डर आली तर हातात जेमतेम आठ-दहा दिवस, त्यात कापड धुणं, वाळवणं आणि सगळं हातानं शिवणं. नाही जमत. सरळ सांगा की बारशाला बाळंतविड्यात ठेवायला दुपटं देते, वाकळ महिन्यानं.

मग लोक म्हणतात आधीच घ्या की ऑर्डर. घ्या, पण घरातल्या थोरल्या माणसांना चालणार आहे का ते विचारून घ्या, कारण आपल्याकडं कितीतरी घरात बाळ व्हायच्या आधी नवीन काही आणत नाहीत, पहिले दिवस जुन्या मऊ कपड्यातच काढतात. सून हौसेनं ऑर्डर देते, सासूबाई तोंड पाडतात, आणि वाकळ राहते आपल्या कपाटात. शिवून आपल्याकडंच ठेवायची, बाळ घरी आलं की द्यायची, पैशाचं मात्र आधीच बोलायचं.

रंगाचं पण तसंच. “मुलगा का मुलगी कळलं की सांगतो” असं कुणी म्हणालं तर थांबत बसू नका, जन्माआधी लिंग तपासायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं कळणार ते जन्मल्यावरच. हळदी पिवळा, पोपटी, केशरी घ्या आणि कामाला लागा. नाव भरून पाहिजे असेल तर एक कोपरा प्लेन सोडा आणि नाव बारशानंतर भरा. आत्यानं कानात सांगायच्या आधी नाव वाकळेवर दिसलं तर मजा काय राहिली, आणि राशीचं अक्षर बघून ऐनवेळी नाव बदलणारे काय कमी नसतात.

आजीचं लुगडं आलं तर

हे सगळ्यात नाजूक काम. पिशवीतनं एक नऊवारी येते, आजी आता नसते, आणि घरच्यांना ती साडी वाकळेत पाहिजे असते. कात्री लावायच्या आधी कुठला भाग वापरणार, काठ ठेवायचा का काढायचा, ते फोटो पाठवून विचारा आणि “हो” लिहून घ्या. उरलेला प्रत्येक तुकडा परत करा, चिंधीसुद्धा.

साडी उजेडाला धरून बघा. बसायच्या जागेचं कापड विरलेलं असतं, दोन्ही अंगठ्यांनी थोडं ताणलं की टरकतं. पदर आणि निऱ्यांचा भाग त्यातल्या त्यात टिकलेला असतो, वरच्या थराला तोच घ्या, विरलेला आत घाला. जरीचा काठ बाळाच्या गालाला टोचतो, फारच हौस असेल तर खालच्या बाजूला एका कडेला लावा. टिकल्या, आरसे, मणी, बटणं अजिबात नको, बाळ सगळं तोंडात घालतं.

आणि वास घ्या. साडी वर्षानुवर्षं डांबर गोळ्यांत ठेवलेली असेल तर हे मनावर घ्या, कारण त्यातल्या नॅप्थलीनमुळं जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जोराची कावीळ होऊ शकते. कुठल्या बाळाला तो त्रास आहे हे आपल्याला कसं कळणार? असली साडी आधी बरेच दिवस वाऱ्यावर टांगा, दोन-तीनदा धुवा, कडक उन्हात घाला, आणि तरी वास राहिला तर ती बाळाच्या वाकळेत घालू नका.

कापड फसवतं

आपल्या कोल्हापुरात महाद्वार रोडला असो नायतर जवळच्या गांधीनगरच्या होलसेलला, दुकानदार प्युअर कॉटन म्हणतो आणि घरी येऊन बघावं तर निम्मं टेरिकॉट. एक धागा काढून पेटवायचा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख पडते, पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. दोन्ही मिसळू नका, नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरला ३ ते ५ सेंटीमीटर सहज आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि वाकळेला जागोजागी चुण्या पडतात. तक्रार येते ती नेमकी त्या पहिल्या धुण्यानंतर. म्हणून सगळं कापड, अस्तरासकट, आधी धुऊन इस्त्री करून मगच कापा.

लाल आणि गडद निळ्याला ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर परत धुवा, लागतच राहिला तर ते कापड बाजूला. मीठ-व्हिनेगर घालून रंग पक्का होतो म्हणतात, दुकानातल्या आजच्या रंगांवर त्याचा भरवसा धरू नका.

मध्ये फुगली तर

आपली वाकळ कडेनं सुरू करून फेऱ्या मारत आत जाते, त्यामुळं थर सरकले की सगळी ढिलाई मध्ये गोळा होते आणि तिथं फुगा येतो. इस्त्रीनं तो दबेल पण जाणार नाही. आतल्या फेऱ्या उसवा, कापड कडेकडं सारत सपाट करा आणि परत मारा. मुळात थर फरशीवर पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, वीतभर अंतरानं उभे-आडवे कच्चे टाके घातले तर ही वेळच येत नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण ते टाळून वेळ वाचत नाही.

धावदोरा बारीक पाहिजे, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास. मोठ्या वाकळेचे लांब टाके इथं चालत नाहीत, बाळाचं बोट सुटलेल्या दोऱ्यात अडकून आवळलं तर ते सुजतं आणि घरच्यांना कळत पण नाही. गाठ थराच्या आत ओढून घ्या.

सुया मोजा. बसताना किती, उठताना किती. टाचण्यांऐवजी सेफ्टी पिना वापरा आणि द्यायच्या आधी वाकळेवरनं लोहचुंबक फिरवा, मग दोन्ही तळहातांनी दाबत दाबत सगळी चाचपा. कितीही उशीर झाला असला तरी हे सोडायचं नाही.

काय सांगून द्यायचं

साधारण ३६ बाय ४५ इंच पुरते, आणि पातळच ठेवा, तीन-चार थर खूप झाले. “भरपूर मऊ, जाडजूड करा” असा आग्रह होतो, पण अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स सांगते की पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाजवळ सैल पांघरूण किंवा मऊ जाड अंथरूण नको, तोंडावर आलं तर श्वास कोंडतो. तेव्हा जागेपणी फरशीवर पालथं खेळायला, मांडीवर घ्यायला, असं स्पष्ट सांगून द्या.

पातळ ठेवायचं दुसरं कारण आपला पाऊस. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात साधं फडकं वाळत नाही तिथं जाड वाकळ काय वाळणार, आत ओल राहते आणि कुबट वास धरते. पावसाळ्यातली ऑर्डर असेल तर कापड धुऊन वाळवायलाच आठवडा जादा मागा.

पैसे निम्मे आधी, कापड आणायच्या आधी. “आमची आज्जी तर फुकट शिवायची” हे वाक्य येणारच, हसून घ्यायचं आणि किती तासांचं काम आहे ते सांगायचं, भांडायचं नाही. साडी त्यांची असेल तर फक्त शिलाईचा दर वेगळा सांगा, नायतर कापडाचे पैसे कापा म्हणून शेवटी घासाघीस होते. आणि त्याच कापडाचा एक वीतभर तुकडा वाकळेसोबत घडी करून द्या, पोरगं रांगायला लागलं की वाकळ फरशीवर घासून फाटणारच, तेव्हा ठिगळाला लागतो.