बास्केटबॉल कोचिंग गेममध्ये कोणता झोन कधी लावावा?

समोरच्याचे सलग दोन थ्री (तीन गुणांचे लांबचे शॉट) बसले की नवखा कोच डिफेन्सचा मेनू उघडतो आणि २-३, ३-२, १-३-१ यांतलं काहीतरी अंदाजाने दाबतो. झोन म्हणजे प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याऐवजी कोर्टाचा आपापला भाग राखणं; २-३ म्हणजे पुढे दोघं, मागे तिघं. पण कुठलाही झोन कोर्टाचा एक तरी भाग उघडा सोडतोच. म्हणून आधी ठरवायचं ते एवढंच: समोरच्याला शॉट कुठून मारू द्यायचा?

१. हिशेब मांडा. प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे पाच सामने उघडा. समजा, तुमच्या ऐरोली संघासमोर पनवेल आहे. त्यांचे थ्री ३० टक्के बसतात, म्हणजे एका शॉटमागे ०.९० गुण. टू (दोन गुणांचे शॉट) ५० टक्के बसतात, म्हणजे १.००. अशा संघाला बाहेरून मारू द्या आणि रिंगजवळची जागा बंद करा. थ्री ३८ टक्के असतील तर तोच आकडा १.१४ होतो आणि निर्णय उलटतो. टक्केवारीबरोबर प्रयत्नही मोजा. सामन्याला चारच थ्री मारणाऱ्या संघाचे ४५ टक्के फसवे असतात.

२. लीगचे नियम पाहा. एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) झोनला २००१-०२ च्या मोसमापासून परवानगी आहे, पण कुणालाही जवळून गार्ड न करणारा डिफेंडर पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत हे बंधन नाही, त्यामुळे तिथे सेंटरला रिंगखाली उभं ठेवता येतं. फिबाची थ्रीची रेषा ६.७५ मीटरवर, तर एनबीएची समोरून ७.२४ मीटरवर आहे. रेषा लांब गेली की झोन ताणला जातो आणि मधल्या फटी वाढतात.

३. आपली माणसं तपासा. २-३ मध्ये तीन खेळाडू रिंगजवळ असतात. सेंटरचे फाउल वाढले असतील तर हा झोन त्याला वाचवतो. मात्र विंगवरून (कोर्टाच्या डाव्या-उजव्या बाजूंनी) थ्री मिळतात, आणि फ्री थ्रो रेषेजवळ बॉल पोहोचला की पुढचे दोन गार्ड पाठमोरे पकडले जातात. तिथे चांगला पास देणारा फॉरवर्ड असेल तर २-३ कोलमडतो.

३-२ बाहेरच्या शूटरना आवरतो, पण मागे दोघंच उरतात. समोर दोन दांडगे पोस्ट खेळाडू (रिंगजवळ खेळणारे) असतील तर हा लावूच नका. शिवाय दोन्ही कॉर्नर उघडे.

१-३-१ दिसायला आकर्षक, म्हणून नवखे याच्या प्रेमात पडतात. सगळ्यात पुढे लांब हातांचा खेळाडू हवा. मागच्या एकट्याला १५ मीटर रुंदीच्या कोर्टावर एका कॉर्नरपासून दुसऱ्यापर्यंत धावावं लागतं. त्याचा स्टॅमिना कमी असेल तर तिसऱ्या क्वार्टरपासून तो कॉर्नरला उशिरा पोहोचतो. प्रतिस्पर्ध्याचे गार्ड बॉल सारखा गमावत असतील किंवा शेवटी बॉल हिसकावायचाच असेल तरच हा झोन, आणि तोही थोड्या वेळासाठी. (नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांतल्या अर्ध्या कोर्टावर तिघा-तिघांत खेळून ही धावाधाव लक्षात येत नाही.)

एकच खेळाडू सगळे गुण करत असेल तर बॉक्स-अँड-वन: चौघं चौकोनात, पाचवा त्या एकाच्या मागे. २०१९ च्या एनबीए फायनलमध्ये टोरांटो रॅप्टर्सनी स्टेफ करीवर हेच लावलं होतं. दुसरा शूटर असेल तर मात्र हे महागात पडतं.

४. समोरच्याच्या आठ-दहा पझेशननंतर (बॉल ताब्यात असलेल्या पाळ्यांनंतर) शॉट चार्ट पाहा. ठाण्याहून लोकल वाशीला पोहोचेपर्यंत फोनवर सामना संपवायचा असतो, त्यामुळे हे पान सहसा कुणी उघडत नाही. शॉट बसला की नाही यापेक्षा तो कुठून आला हे बघा. तुम्ही सोडलेल्या जागेतूनच शॉट येत असतील आणि तरी चार बसले असतील, तर झोन बदलू नका; एवढ्या कमी शॉटमध्ये नशिबाचाच भाग मोठा. नको त्या जागेतून येत असतील तर लगेच बदला.

रिबाउंडचा रकाना वेगळा तपासा. झोनमध्ये कुणी कुणाला बॉक्सआउट करायचं (रिबाउंडच्या वेळी अंगाने मागे अडवून धरायचं) हे ठरलेलं नसतं, त्यामुळे समोरच्याला दुसरा शॉट मिळतो. एका क्वार्टरमध्ये तीन-चार आक्रमक रिबाउंड गेले तर एका गार्डच्या जागी उंच फॉरवर्ड आणा, नाहीतर मॅन-टू-मॅनवर (प्रत्येकाने एकेका प्रतिस्पर्ध्याला गार्ड करण्यावर) या.

५. शेवटची दोन मिनिटं. पाच गुणांनी मागे असताना २-३ लावून बसलात तर प्रतिस्पर्धी बाहेरच्या बाहेर पास देत प्रत्येक वेळी २४ सेकंद खाऊन टाकतो. अशा वेळी मॅन-टू-मॅन किंवा १-३-१ लावून बॉलवर दबाव आणा.