पहिली ट्रायथलॉन करायचीय? सायकलच्या दुकानात जाण्याआधी टँकवर जा

ट्रायथलॉन म्हणजे सलग पोहणं, सायकल आणि धावणं. तिचा सर्वांत लांब पल्ल्याचा प्रसिद्ध प्रकार, आयर्नमॅन, पूर्ण केलेल्यांच्या अभिनंदनाचे फलक कोल्हापूरला नवे नाहीत. ते बघून आपणही करावं असं वाटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, सायकल कोणती घेऊ? हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. नवख्याची ट्रायथलॉन सहसा अडते ती पाण्यात, आणि तिथे लाखाची सायकल काही कामाची नाही.

आधी अंतर ठरवा. स्प्रिंट प्रकारात 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं, हे सगळं सलग असतं. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकपासून जो प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे, त्यात हीच अंतरं दुप्पट होतात. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे 3.8, 180 आणि 42.2 किलोमीटर. सुरुवात स्प्रिंटनेच करा, कोणी कितीही चढवलं तरी. पोहता येत असेल तर चार महिने हातात ठेवा. येत नसेल तर त्याआधीचे दोन-तीन महिने फक्त पोहायला द्या. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

पाणी

“मला येतंय की पोहायला, विहिरीत शिकलोय,” असं म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ. भीती मोडलेली असते, हा त्याचा मोठा फायदा. पण विहिरीत आणि नदीत डोकं वर ठेवून हात मारायची सवय लागते. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, मग ते ओढून नेण्यातच दम संपतो. शंभर मीटरला छाती भरून येते ती बहुधा यामुळे. स्टॅमिना कमी असतो असं नाही.

उपाय अगदी साधा आहे, पण कंटाळवाणा. तोंड पाण्यात असताना नाकातोंडातून हळूहळू बुडबुडे सोडत राहायचं, म्हणजे मान वळवल्यावर फक्त श्वास घ्यायचं काम उरतं. बरेच जण पाण्यात श्वास कोंडून धरतात आणि मग वर येऊन सोडणं-घेणं एकदमच करायला बघतात. पहिले दोन आठवडे अंतर मोजूच नका. कडेला धरून बुडबुडे, मग 25-25 मीटर, प्रत्येक वेळी थांबून. नंतर 50, मग 100. टँक 25 मीटरचा असेल तर 30 लांब्या झाल्या की 750 मीटर होतात. अंबाई टँक, रमणमळा किंवा घराजवळचा कुठलाही टँक चालेल. पण उन्हाळी सुटीत पोरांच्या गर्दीत सलग पोहायला मिळणं अवघड, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. महिनाभर तरी कोच लावा. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरलेला वीरधवल खाडे इथलाच. पोहणं नीट शिकवणारी माणसं या गावात मिळतात.

टँकमध्ये 750 मीटर सलग जमल्यावरच उघड्या पाण्याकडे वळा. तिथे तळाची रेघ नसते, त्यामुळे दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून दिशा बघायला शिकावं लागतं. जिथे पोहायला परवानगी आहे तिथेच, जाणकाराबरोबर आणि कमरेला रंगीत फुगा बांधून उतरा. एकट्याने कधीच नाही. पावसाळ्यात पंचगंगेचं तर नावही काढू नका.

सायकल आणि धावणं

घरात गिअरची सायकल असेल तर तीच सर्व्हिस करून घ्या. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीटची उंची हवी. पंक्चर काढायला शिका. पन्हाळ्याचा चढ पहिल्या महिन्यात नको, सपाट रस्त्यावर हलक्या गिअरमध्ये पाय भराभर फिरवायची सवय लावा. उसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात आणि कित्येकांना मागे दिवाच नसतो. उजाडल्यावर निघा, पुढे-मागे लाइट लावा.

धावायला विद्यापीठाचा परिसर उत्तम. बोलता येईल इतक्याच वेगाने धावा, दम लागला की चाला.

आठवड्यात तीनदा पोहणं, दोनदा सायकल, दोनदा धावणं (म्हणजे एका दिवशी दोन सराव) आणि एक दिवस पूर्ण सुट्टी एवढं पुरे. दुसऱ्या महिन्यापासून एक धावणं सायकलवरून उतरल्या-उतरल्या करा, सुरुवातीला दहाच मिनिटं. याला ब्रिक म्हणतात. पाय आपले नाहीतच असं वाटेल. ते पहिल्यांदा शर्यतीत वाटण्यापेक्षा सरावात वाटलेलं बरं.

शर्यत

कपडे-बूट बदलण्याचाही वेळ मोजला जातो. अंगणात टॉवेल अंथरून त्याचा सराव करा. सायकलला हात लावायच्या आधी हेल्मेटचा पट्टा लागलेला हवा, नाहीतर दंड होतो. आदल्या रात्री तांबडा-पांढरा टाळा, सकाळी मिसळही नको. अडीच-तीन तास आधी थोडे पोहे किंवा केळी, जे सरावात पचलं असेल तेच. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणा.

पाण्यात उतरताना मागे किंवा कडेला उभे राहा, पुढच्या गर्दीत लाथा बसतात. घाबरल्यासारखं झालं तर उताणे होऊन तरंगा आणि श्वास जागेवर येऊ द्या. मदतीला असलेली बोट धरून थांबायला सहसा मुभा असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. तुमच्या स्पर्धेत नेमकं काय चालतं, ते सुरुवातीआधीच्या सूचना देतात तेव्हा विचारून घ्या.