चौथ्या शतकातलं रोमन नाणं कसं वाचावं

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांची तांब्याची नाणी नखाएवढी असली तरी त्यांच्यावर मजकूर भरपूर असतो. मदुराईच्या परिसरात आणि श्रीलंकेत त्या काळातली अशी नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत.

आधी साफसफाई. देवाची भांडी घासताना चिंच किंवा लिंबू घ्यायची सवय इथे कृपा करून विसरा. आंबट लागलं की वरचा काळपट-हिरवा थर जातो, आणि झिजलेली अक्षरं बरेचदा त्या थरातच टिकलेली असतात. नाणं डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, मग मऊ ब्रशने हलकेच माती काढा. फिकट हिरवी पूड सुटत असेल, तर ते नाणं कोरडं करून इतरांपासून वेगळं ठेवा.

आता दिवा एका बाजूला ठेवून तिरप्या उजेडात नाणं सावकाश फिरवा. चेहऱ्याभोवतीचा मजकूर बहुधा खाली डावीकडून सुरू होतो. ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. शेवटी ‘एव्हीजी’ म्हणजे ऑगस्टस, सम्राट; ‘एनओबी सी’ म्हणजे सीझर, त्याच्या खालचा मान.

खरी गफलत नावांत होते. कॉन्स्टंटिनुस, कॉन्स्टंटिउस, कॉन्स्टन्स: बाप आणि मुलं, सगळ्यांची सुरुवात सारखीच. म्हणून नावाचा शेवट पाहा. ‘टी’, ‘आय’नंतर ‘एन’ दिसला तर कॉन्स्टंटिनुस (बाप किंवा त्याच नावाचा मुलगा), थेट ‘व्ही’ आला तर कॉन्स्टंटिउस. एवढ्या एका अक्षरासाठी मी भिंगाखाली तासभर घालवलाय, आणि तो वाया गेला असं कधीच वाटलं नाही.

मागच्या बाजूवरून साल कळतं. दोन सैनिकांमध्ये दोन ध्वज असतील तर साधारण 330 ते 335, एकच असेल तर त्यानंतरची काही वर्षं. घोडेस्वाराला भाला मारणारा सैनिक 348 नंतरचा. त्या चित्राभोवती ‘सुखाचे दिवस परत आले’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर असतो!

शेवटी चित्राखालच्या आडव्या रेषेच्या खाली बघा; नाणं कुठल्या शहराच्या टांकसाळीतलं, ते तिथे थोडक्यात लिहिलेलं असतं. ‘एएनटी’ म्हणजे अँटिऑक, ‘एएलई’ म्हणजे अलेक्झांड्रिया, ‘टीआर’ म्हणजे ट्रीअर. शेजारी एखादं ग्रीक अक्षर असेल तर तो त्या टांकसाळीतल्या कारखान्याचा क्रमांक: अल्फा पहिला, बीटा दुसरा.