अमेरिकेत नर्सिंग असिस्टंटचा परवाना: या चुका टाळा

अमेरिकेत नर्सिंग असिस्टंट, म्हणजे परिचारिकेच्या देखरेखीखाली रुग्णांची दैनंदिन सेवा करणारा मदतनीस, होण्यासाठी परिचारिकेइतके दीर्घ शिक्षण लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच या पेशाच्या अटी वाचण्याचा कंटाळा केला जातो. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट येथे या कामासाठी परवाना मिळतो, तर बहुतेक राज्यांत प्रमाणपत्र. मात्र शुश्रूषागृहांतील (वृद्ध व दीर्घकाळ आजारी व्यक्तींच्या निवासी केंद्रांतील) कामासाठी १९८७च्या केंद्रीय कायद्याने आखलेली किमान चौकट दोन्हीकडे सारखीच आहे.

पहिली चूक अभ्यासक्रम निवडताना होते. केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि त्यात देखरेखीखालील १६ तासांचा प्रत्यक्ष सराव आवश्यक आहे, परंतु कॅलिफोर्निया १६० तास मागते. त्यामुळे ज्या राज्यात नोकरी करायची आहे तेथे अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे शुल्क भरण्यापूर्वीच तपासावे. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य विमा योजनांशी संलग्न शुश्रूषागृहाने आधीच नोकरी देऊ केली असेल, तर त्याला प्रशिक्षणाचा खर्च उमेदवाराकडून घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

प्रशिक्षणानंतरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत हात नीट न धुणे, रुग्णाला उठवण्याआधी चाकाच्या खुर्चीचे ब्रेक न लावणे किंवा मदतीची घंटा त्याच्या हाताशी न ठेवणे महागात पडते.

सर्वाधिक नुकसान मात्र नोकरीतल्या खंडामुळे होते. सलग २४ महिने पगारी शुश्रूषेचे काम झाले नाही, तर पात्रता संपते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते, काही वेळा संपूर्ण प्रशिक्षणही घ्यावे लागते. बाळंतपण, भारतात लांबलेला मुक्काम, घरी सासूबाईंची अहोरात्र केलेली सेवा यांपैकी कशाचीही गणना होत नाही, कारण त्याचा मोबदला मिळालेला नसतो. मला हा नियम घरच्या शुश्रूषेवर अन्याय करणारा वाटतो; तरीही तो लागू आहे, म्हणून मुदतीच्या आत काही पगारी पाळ्या कराव्यात आणि त्यांचा लेखी दाखला घ्यावा. किती तास पुरेसे धरले जातात, हे राज्याच्या नोंदणी कार्यालयाला आधीच विचारावे.

शुश्रूषागृहात नोकरी करणाऱ्यांना दरवर्षी किमान १२ तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळायला हवे. त्याच्या नोंदी मालकाकडेच राहू न देता प्रत्येक प्रमाणपत्राची प्रत स्वतःजवळ ठेवावी, विशेषतः नोकरी बदलताना. पत्ता बदलल्यास नोंदणी कार्यालयाला त्वरित कळवावे, कारण नूतनीकरणाची सूचनाच नव्हे, तर एखाद्या तक्रारीची नोटीसही जुन्या पत्त्यावर जाऊ शकते, आणि तिला मुदतीत उत्तर दिले नाही तर सुनावणीचा हक्क हातचा जातो.