नाशिकहून बोर्डीचा किनारा

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, डहाणूमार्गे पहाटेच निघा. आधी कॅलेंडरात तिथी बघा: अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती, संध्याकाळी सहाच्या आसपास ओहोटी. पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशीर. अष्टमीला ओहोटी दुपारी, पण पाणी फार मागे जात नाही.

वाळूच्या टेकड्यांवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल दिसली की तिच्यावरून चालू नका. गाठीगाठीला मुळं धरून ती वाळू बांधते; तुटली की वारा तिथूनच वाळू उडवायला लागतो. मळलेल्या वाटेनंच उतरा. गाडी सुरूच्या झाडांपाशीच ठेवा. ओली वाळू वरून टणक दिसते, चाक रुतल्यावर जितकं रेटाल तितकं खोल जातं, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.