ताकदीची गलोल: निवड, बांधणी आणि निगा

गलोल घेताना पहिला मोह होतो तो जाड रबराचा. ओढायला जितकी जड तितकी जोरकस, असा सरळ हिशेब. तो चुकतो, कारण सुटल्यावर रबराला गोळीबरोबर स्वतःचं वजनही पुढे न्यावं लागतं. जाड पट्टी जेमतेम तिप्पट ताणली गेली, तर तिचा बराचसा जोर स्वतःलाच ओढण्यात जातो आणि हलकी गोळी रखडत निघते. तीच गोळी पातळ लेटेक्स (नैसर्गिक रबराची पट्टी) पाचपट ताणून सोडली, तर हाताला कमी कष्ट पडतात आणि वेग जास्त मिळतो. वेगाचं महत्त्व किती? ३.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने गेली तर तिच्यात साडेतीन ज्यूल ऊर्जा असते, ६० मीटरने गेली तर सव्वासहा. वेग एक तृतीयांशाने वाढला आणि मारा जवळपास पावणेदोन पट झाला.

म्हणून निवड नेहमी उलट्या क्रमाने करा. आधी गोळी ठरवा, मग त्या गोळीला साजेसं रबर, आणि शेवटी बेचकं, म्हणजे दोन फाट्यांचा दांडा. बहुतेक जण दिसायला छान बेचकं आधी घेतात आणि त्याच्याबरोबर जे रबर येईल ते मुकाट्याने वापरतात.

गोळी

पोलादी गोळ्यांची वजनं पाठच असावीत: ८ मिलिमीटर म्हणजे साधारण २ ग्रॅम, ९.५ मिलिमीटर साडेतीन, ११ मिलिमीटर साडेपाच, आणि १२.७ मिलिमीटर जवळपास साडेआठ ग्रॅम. व्यास थोडासा वाढला तरी वजन भराभर वाढतं, त्यामुळे ८ वर बेतलेलं रबर १२.७ ला पुरत नाही. रानावनात एकच आकार न्यायचा असेल तर ९.५ घ्या. खिशात शंभर गोळ्या साडेतीनशे ग्रॅमच होतात, वाऱ्याने फार भरकटत नाहीत आणि मध्यम रबरावर चांगल्या चालतात. १६ मिलिमीटरची काचेची गोटी सव्वापाच-साडेपाच ग्रॅमची भरते. ती चालते, पण दगडावर आपटून फुटली तर काचा उडतात.

गोळ्या संपल्या तर नदीतले गोटे आहेतच. १२ ते १५ मिलिमीटरचे, शक्य तितके गोल आणि गुळगुळीत वेचा. चपटा खडा हवेत वळतो, धारदार खडा चामडं, म्हणजे गोळी धरायचा तुकडा, कापतो. गोट्याने पंधरा पावलांवरचा नेम धरता येतो, त्यापुढे तो जाईल तिकडे आपला नेम. शिशाच्या गोळ्या टाळा. शिसं विषारी आहे, हाताला लागतं आणि तोच हात जेवणाला लागतो.

रबर: पट्टी की नळी

चपटी लेटेक्स पट्टी वेगवान, पण नाजूक. नळी थोडी मंद, पण चिवट: ओरखडे, धूळ, आडदांड हाताळणी जास्त सोसते. आठवडाभराच्या भटकंतीत एकच गलोल असेल, तर आतून २ आणि बाहेरून ४ मिलिमीटर व्यासाची नळी दुहेरी करून बांधलेली बरी. रोजच्या सरावाला आणि अचूक नेमाला पट्टी. आमचं मत विचाराल तर पट्टी बांधा आणि नळीचा एक तयार संच पिशवीत ठेवा.

पट्टीची जाडी गोळीवर ठरते. ८ मिलिमीटरला ०.५ जाडी पुरे. ९.५ ला ०.६ ते ०.७ मिलिमीटर. ११ च्या पुढे ०.८ किंवा थोडी रुंद पट्टी. ९.५ साठी सुरुवातीचं माप असं घ्या: बेचक्याकडे २० मिलिमीटर रुंद, चामड्याकडे १२. हा निमुळतेपणा शोभेचा नाही. अरुंद टोक हलकं असल्याने गोळीच्या मागचं ओझं कमी होतं. शिवाय ताण अरुंद टोकाशी जास्त येतो, म्हणून पट्टी झिजली की ती चामड्यापाशीच तुटते. तिथे तुटली तर तुकडा तुमच्यापासून लांब, बेचक्याकडे उडतो. बेचक्यापाशी तुटली तर अख्खी पट्टी डोळ्यांवर येते. बांधणी नीट आहे की नाही, हे पट्टी कुठे तुटते यावरून कळतं. बेचक्यापाशी तुटत असेल, तर तिथली धार घासून काढा किंवा गाठ फार आवळलेली आहे का ते बघा.

लांबीचा हिशेब सोपा आहे. बेचकं हातात धरून हात सरळ करा आणि दुसरा हात गालाच्या हाडापाशी, जिथे नेहमी थांबता तिथे आणा. दुसऱ्याकडून फाट्यापासून चिमटीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. समजा ते ८० सेंटिमीटर भरलं. त्याला ५ ने भागा: १६ सेंटिमीटर ही पट्टीची कामाची लांबी, म्हणजे फाट्यापासून चामड्यापर्यंतचा मोकळा भाग. बांधायला बेचक्याकडे अडीच आणि चामड्याकडे दीड सेंटिमीटर धरा. पट्टी कापायची २० सेंटिमीटर. पट्टी जास्त दिवस टिकायला हवी असेल तर ५ ऐवजी ४.५ ने भागा. कामाची लांबी पावणेअठरा होईल, वेग किंचित घटेल, आयुष्य मात्र चांगलंच वाढेल.

कापायला कात्री नको. कात्रीच्या प्रत्येक चाव्यागणिक कडेला बारीक पायरी पडते आणि फाटायला तिथूनच सुरुवात होते. खाली कटिंग मॅट, वर पोलादी पट्टी घट्ट दाबून गोल पात्याचा कटर एकाच दमात ओढा. पातं बोथट असेल तर लेटेक्स कापण्याऐवजी खेचलं जातं आणि कड लाटेसारखी येते. अशी पट्टी बांधूच नका.

चामडं

दीड मिलिमीटरच्या आतलं, मऊ पण न ताणणारं चामडं किंवा मायक्रोफायबर. ८ ते ९.५ मिलिमीटरच्या गोळीसाठी ५५ बाय १५ मिलिमीटर पुरतं. मोठं चामडं सुरक्षित वाटतं, पण ते फक्त ओझं असतं. मधोमध २ मिलिमीटरचं भोक पाडलं की गोळी दर वेळी त्याच जागी बसते. दोन्ही टोकांची भोकं कडेपासून ६ मिलिमीटर आत आणि पंचने पाडलेली गोल असावीत. सुरीने चीर दिली तर तिच्या टोकापासून चामडं फाटत जातं.

बेचकं

तीन गोष्टी तपासा. फाट्यांमधलं बाहेरचं अंतर ८५ ते १०० मिलिमीटर असावं. नवख्या हाताने रुंदच घ्यावं. फाट्यांची उंची कमी असावी, कारण उंच फाटे मनगटाला मागे पिळतात. आणि माल कशाचा आहे ते पाहा. पोलाद, भरीव अ‍ॅल्युमिनियम, एचडीपीई (चिवट प्लास्टिक) किंवा अनेक थरांचं प्लायवूड भरवशाचं. स्वस्तात मिळणारी ओतीव जस्त मिश्रधातूची बेचकी आतून पोकळ किंवा फुगेदार असू शकतात आणि न वाकता एकदम मोडतात, तेही ताण पूर्ण असताना, म्हणजे चेहऱ्यासमोर. नैसर्गिक दुबेळकं वापरायचं तर दोन्ही फाटे सारख्या जाडीचे, गाठ नसलेले निवडा आणि सावलीत हळूहळू वाळू द्या. उन्हात घाईने वाळवलेलं लाकूड नेमकं सांध्यात तडकतं.

मनगटावर टेकणारा आधार असलेली गलोल जास्त ताकदीची असते, हा गैरसमज आहे. आधार ताकद देत नाही, फक्त जड रबराचा भार मनगटावरून कोपराकडे नेतो. पाच-सहा किलोच्या ओढीला त्याची गरज नाही आणि तो पिशवीत अडकतो. किती किलो ओढता ते सामान तोलायच्या हुकाच्या काट्याने बघा: काटा चामड्यात अडकवून नेहमीच्या जागेपर्यंत खेचा. आठ किलोच्या पुढे बहुतेकांचा हात थरथरायला लागतो, आणि थरथरत्या हाताची ताकद काय कामाची?

विकत घेण्याआधी जिथे वापरणार तिथला कायदा वाचा. जर्मनीत मनगटावर टेकणारा आधार असलेल्या गलोली निषिद्ध आहेत. शिकारीचे नियम तर त्याहून वेगळे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित प्राणी-पक्षी मारणं गुन्हा आहे, मग हत्यार गलोल का असेना.

बांधणी

चामड्याकडून सुरुवात करा. पट्टीचं अरुंद टोक भोकातून दीड सेंटिमीटर ओवून मागे दुमडा आणि मेणाच्या नव्हे, साध्या सुती दोऱ्याने पाच-सहा वेढे देऊन घट्ट गाठ मारा. दोरा आवळताना लेटेक्स थोडं ताणून धरलं तर गाठ सरकत नाही. दोन्ही पट्ट्या बांधल्यावर चामडं चिमटीत धरून पट्ट्या लोंबू द्या: टोकं एका रेषेत यायला हवीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर उसवून पुन्हा बांधा, कारण आखूड बाजू आधी खेचते आणि गोळी फाट्याच्या दिशेने वळते.

बेचक्याकडे लेटेक्सचीच ६ मिलिमीटर रुंद, १८ सेंटिमीटर लांब चिंधी घ्या. ती ताणत ताणत चार-पाच वेढे द्या, शेवटच्या वेढ्याखालून टोक ओढून घ्या. ही बांधणी रानात, हाताशी काही नसतानाही दोन मिनिटांत बदलता येते. स्क्रू आणि क्लिपा घरी छान, बाहेर पहिल्यांदा हरवतात त्या त्याच.

पहिली चाचणी

डोळ्यांवर सुरक्षा चष्मा चढवल्याशिवाय नवी पट्टी ओढू नका. आधी तीन-चार वेळा अर्धी ताणून सावकाश मागे आणा, सोडू नका. रिकामी गलोल कधीच सोडायची नाही. गोळीत जायचा सगळा जोर पट्टीवर आणि पुढच्या हाताच्या बोटांवर येतो.

निशाण्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात मागच्या बाजूला जुना जाड टॉवेल फक्त वरून टांगा. खालून मोकळा असल्याने तो गोळीबरोबर हलतो आणि जोर जिरवतो, गोळ्या खोक्यात पडतात. ताणून बसवलेला टॉवेल गोळी परत पाठवतो. खडक, पत्रा, टायर यांवर पोलादी गोळी मारू नका, ती तुमच्याकडेच येते. सरावाला मातीच्या गोळ्या उत्तम, आपटल्या की फुटतात. फक्त ओल लागू देऊ नका.

गोळी फाट्यावर आदळत असेल तर रबराला दोष देण्याआधी चिमटी बघा. चामडं बोटांनी दाबून धरलं आणि सुटताना एका बोटाने अडलं, तर गोळी तिरपी निघते. दुसरं कारण, सोडण्याच्या क्षणी पुढचं मनगट झटकणं. आदळल्यावर फाट्यावर उठलेली कंगोरी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने लगेच घासा, नाहीतर पुढच्या दहा ओढींत तीच पट्टी कापेल.

झाडावर दोर चढवणं

रानात गलोलीचा सर्वांत उपयोगी वापर कदाचित हाच. अन्नाची पिशवी टांगायची किंवा अँटेना उंच न्यायची तर मासेमारीचं २५-३० ग्रॅमचं वजन पातळ नायलॉन तंगुसाला बांधून फांदीवरून पार करा. तंगूस फिरणाऱ्या रिळावरून नाही, उभ्या धरलेल्या रिळाच्या टोकावरून सुटला पाहिजे, नाहीतर वजन अर्ध्यावर झटका खाऊन परत येतं. तो फाट्यांमधून पुढे जाऊ द्या, हाताला किंवा पायाला वेढा नको. या कामाला नळी घ्या आणि अर्धीच ओढा. वजन पलीकडे उतरलं की आधी मध्यम दोरी, मग जाड दोर ओढून घ्या.

निगा

लेटेक्सचे शत्रू: ऊन, उष्णता, ओझोन, तेल, पेट्रोल. तांब्याशी संपर्कानेही नैसर्गिक रबर लवकर कुजतं, म्हणून गलोलीच्या डब्यात तांब्याच्या तारा-भांडी नकोत. मच्छर पळवायचं मलम लावलेल्या हाताने पट्टी धरू नका. भिजली तर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, टाल्कम पावडर चोळा, झिपच्या पिशवीतली हवा काढून अंधारात ठेवा. गुंडाळताना ताण नको. कडाक्याच्या थंडीत रबर आखडतं आणि मंद होतं. नेम धरण्याआधी गलोल जाकिटाच्या आत ठेवा.

दर वेळी वापरण्याआधी पट्टी दुप्पट ताणून उजेडासमोर धरा. कडेला खाच, पृष्ठभागावर पांढरट बारीक भेगा किंवा चामड्यापाशी सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, तर ती पट्टी संपली. चामड्यापाशीच खराब असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा बांधायचा मोह होतो. सेंटिमीटरभर कापलं की १६ ची १५ होते आणि तीच ८० ची ओढ आता ५.३ पट ताण देते. ४.५ च्या हिशेबाने कापलेली पट्टी एवढी काटछाट सोसते. ५ वर कापलेली थोड्याच फेकींत जाते. पट्ट्या नेहमी जोडीने बदला. एक नवी, एक जुनी अशी जोडी कधीच सरळ मारत नाही.

पिशवीत कापून चामड्याला बांधलेले दोन संच, बेचक्याच्या चिंध्या सहा, सुती दोरा, एक मोकळं चामडं, पावडरची डबी आणि चष्मा. संचाच्या पिशवीवर कापल्याची तारीख आणि माप लिहा: २०-१२, ०.६, १६ सेंटिमीटर. सहा महिन्यांनी यातलं काहीही आठवत नाही.